उंबरठ्यावरच्या तेरा ओळी

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपचं टर्मिनल उघडून 'ईएफआयबूटएमजीआर' एवढंच टाइप केलं की बूटचा क्रम समोर येतो: आधी ०००१, मग ०००३, मग नेटवर्क. ही माहिती डिस्कवरच्या कुठल्याच फाइलमध्ये नसते. ती असते मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये, आणि तिची राखण करतं फर्मवेअर, म्हणजे यंत्रासोबतच येणारं, चालू होताच धावणारं सॉफ्टवेअर. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ती हवी असेल तर त्याने थेट चिपमध्ये हात घालायचा नसतो, फर्मवेअरचं 'गेटव्हेरिएबल' नावाचं फंक्शन कॉल करायचं असतं.

फंक्शन कॉल करणं ही प्रोग्रामरची रोजची गोष्ट. पण इथे कॉल करणारा आणि कॉल झेलणारा एका घरचे नाहीत. कर्नल काल-परवा जीसीसीने किंवा क्लँगने कंपाइल झालेला असतो. फर्मवेअर कारखान्यातून निघतानाच चिपमध्ये बसलेलं असतं, वेगळ्या कंपायलरने, वेगळ्या नियमांनी घडवलेलं. दोघांनी एकमेकांचा सोर्स कधी पाहिलेला नसतो. त्या दोघांच्या मधे अ‍ॅसेंब्लीचा एक लहानसा तुकडा उभा असतो, त्याला स्टब म्हणतात. ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांसाठी लिनक्समध्ये तो मोजून तेरा ओळींचा आहे. या तेरा ओळींतली एकही ओळ शोभेची नाही, आणि प्रत्येकीमागे काहीतरी मोडण्याची शक्यता उभी आहे. म्हणून हा तुकडा नीट, एकेक ओळ थांबून वाचावा असं मला वाटतं.

आधी दोन्ही घरांच्या रीती. लिनक्सकडे आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या सहा रजिस्टरांतून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागांतून, क्रमाने जातात, सातवं मेमरीतल्या स्टॅकवर. यूईएफआयने, म्हणजे आजच्या फर्मवेअरच्या प्रमाण नियमांनी, मायक्रोसॉफ्टची रीत उचलली आहे: आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ अशी चारच रजिस्टरं आणि पाचव्यापासून पुढे सगळं स्टॅकवर. शिवाय कॉल करणाऱ्याने स्टॅकवर ३२ बाइट रिकामे सोडायचे. त्यांना शॅडो स्पेस म्हणतात. ही जागा कॉल झेलणाऱ्याच्या वापरासाठी, पण सोडायची कॉल करणाऱ्याने. तिसरी अट अशी की कॉलच्या क्षणी स्टॅक पॉइंटरला, म्हणजे आरएसपी या रजिस्टरला, १६ने नि:शेष भाग जायला हवा.

आता स्टबकडे येऊ. कर्नल या स्टबला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून फर्मवेअरच्या फंक्शनचा पत्ता देतो आणि खरी आर्ग्युमेंट त्यामागून. गेटव्हेरिएबलला पाच लागतात: नाव, जीयूआयडी (सोळा बाइटांचा ओळख-क्रमांक), अ‍ॅट्रिब्यूटसाठी जागा, आकाराचा पॉइंटर आणि डेटाचा बफर. म्हणजे आरडीआयमध्ये पत्ता, आरएसआयमध्ये नाव, आरडीएक्समध्ये जीयूआयडी, आरसीएक्समध्ये अ‍ॅट्रिब्यूट, आर८मध्ये आकार, आर९मध्ये बफर. फर्मवेअरला नाव आरसीएक्समध्ये हवंय, अ‍ॅट्रिब्यूट आर८मध्ये, आकार आर९मध्ये आणि बफर स्टॅकवर. सगळ्यांना एकेक घर सरकायचंय, एकट्या जीयूआयडीला सोडून. ते आरडीएक्समध्येच होतं आणि तिथेच हवं. पत्त्याने पहिली जागा अडवल्यामुळे ही सोय आपोआप झाली आणि एक ओळ वाचली.

सरकवण्याचा क्रम मात्र उलटा लागतो. फळीवरचे डबे उजवीकडे सरकवताना आधी शेवटचा हलवावा लागतो, तसंच हे. स्टब आधी आर९ स्टॅकवर ठेवतो, मग आर८ची किंमत आर९मध्ये, आरसीएक्सची आर८मध्ये आणि सगळ्यात शेवटी आरएसआयची आरसीएक्समध्ये.

हा क्रम उलटला तर काय होतं? समजा कुणी आधी आरएसआय आरसीएक्समध्ये घातला, मग आरसीएक्स आर८मध्ये, मग आर८ आर९मध्ये. तिन्हींत एकच पत्ता गेला, नावाचा. आता फर्मवेअर बफर किती मोठा आहे हे बघायला आर९मधल्या पत्त्यावर जातं. तिथे 'बूटऑर्डर' हे इंग्रजी नाव यूटीएफ-१६मध्ये लिहिलेलं आहे. त्याची पहिली चार अक्षरं म्हणजे आठ बाइट. ते एक संख्या म्हणून वाचले तर २९ पेबीबाइटहून थोडा जास्त आकार निघतो. फर्मवेअर म्हणतं, जागा भरपूर आहे. 'बफर अपुरा' ही चूक यायला हवी तिथेही येत नाही, बफरच्या पुढची कर्नलची मेमरी खुशाल लिहिली जाते आणि परत 'यशस्वी' असा निरोप येतो. वर नावाच्या जागीच अ‍ॅट्रिब्यूट आणि आकार लिहून टाकलेले असतात, त्यामुळे नंतर लॉगमध्ये नाव वाचायला जावं तर तेही ओळखू येत नाही. चूक तीन ओळींच्या क्रमात आणि लक्षण दिसणार भलत्याच ड्रायव्हरमध्ये, काही मिनिटांनी.

या स्टबची सुरुवात साधीच आहे. आरबीपी हा रजिस्टर स्टॅकवर ढकलायचा, आरएसपीची किंमत आरबीपीमध्ये ठेवायची, मग आरएसपीचे शेवटचे चार बिट अँड करून शून्य करायचे. ही तिसरी ओळ काढून टाकावी असा मोह होतो, कारण लिनक्सच्या लेखी रीतीतही स्टॅक १६वरच जुळलेला असतो. पण कर्नल स्वतःला स्टॅक आठ बाइटवर जुळवण्याच्या पर्यायाने कंपाइल करतो. कर्नलच्या कोडला एसएसई, म्हणजे एकदम सोळा बाइट हाताळणाऱ्या सूचना, वापरायच्या नसतात, मग १६ची शिस्त पाळून जागा कशाला घालवायची? फर्मवेअरच्या कंपायलरला हे माहीत नसतं. त्याने एखाद्या रचनेची नक्कल करायला 'मूव्हएपीएस' ही एसएसईची सूचना वापरली आणि स्टॅक आठने सरकलेला असेल तर प्रोसेसर तिथेच जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतो. यातला त्रासदायक भाग हा की स्टब कुठल्या वाटेने बोलावला गेला यावर स्टॅक जुळलेला आहे की नाही हे ठरतं. वाचताना चालतं, लिहिताना कोसळतं. कर्नलमध्ये कुठे एक लोकल व्हेरिएबल वाढलं की उलटं होतं. अशा चुकीच्या मागे लागून दिवस घालवण्यापेक्षा ती एक अँडची ओळ फार स्वस्त आहे.

चौथ्या ओळीत फर्मवेअरचं सहावं आर्ग्युमेंट (स्टबचं सातवं, काही फंक्शनांनाच लागणारं) स्टॅकवरून उचलून आरएएक्समध्ये ठेवतात. ते आरबीपीपासून १६ बाइटवर असतं: आठ जुन्या आरबीपीचे, आठ परतीच्या पत्त्याचे. पाचव्या ओळीत आरएसपीमधून ४८ वजा होतात. ३२ शॅडो स्पेसचे, आठ पाचव्या आर्ग्युमेंटचे, आठ सहाव्याचे. ४८ला १६ने भाग जातो, म्हणून वर जुळवलेला स्टॅक जुळलेलाच राहतो. सहाहून जास्त आर्ग्युमेंटना इथे जागाच नाही, आणि ते चुकून दिले जाऊ नयेत म्हणून या स्टबभोवतीचा मॅक्रो कंपाइल करतानाच आर्ग्युमेंट मोजतो. जास्त झाले तर बिल्ड थांबतो. हे उत्तम केलंय. आधीच्या काळी शून्य ते सहा आर्ग्युमेंटसाठी सात वेगळे स्टब होते. एकात दुरुस्ती केली आणि दुसऱ्यात राहिली, असं व्हायला त्यात पुष्कळ वाव होता.

शॅडो स्पेस विसरली तर? स्टॅक आधीच जुळलेला असेल तर आरएसपी जिथे दाखवतो तिथे जुना आरबीपी आहे आणि त्याच्या वर स्टबचा परतीचा पत्ता. फर्मवेअरच्या फंक्शनने आपल्या हक्काच्या जागेत आरसीएक्स आणि आरडीएक्स ठेवले, की परतीच्या पत्त्याच्या जागी जीयूआयडीचा पॉइंटर बसतो. स्टब संपताना प्रोसेसर त्या जीयूआयडीच्या सोळा बाइटांवर उडी मारतो, सूचना समजून. पण हे दर वेळी घडेलच असं नाही. डीबग बिल्डचं फर्मवेअर बहुधा आर्ग्युमेंट त्या जागेत उतरवून ठेवतं. ऑप्टिमाइझ केलेलं फर्मवेअर कधी ती जागा शिवतही नाही, कधी तिथे आपलं रजिस्टर सांभाळून ठेवतं. एका मदरबोर्डवर वर्षभर चाललेला चुकीचा स्टब बायोस अपडेटनंतर मोडतो आणि सगळे अपडेटला दोष देतात.

कॉलची ओळ साधा अप्रत्यक्ष कॉल नाही, स्पेक्टरच्या, म्हणजे प्रोसेसर अंदाजाने पुढचा कोड चालवतो त्यातल्या सुरक्षेच्या फटीच्या, बंदोबस्तासह केलेला कॉल आहे. मग 'लीव्ह' आणि 'रिट'. लीव्हमुळे आरबीपीवरून मूळ आरएसपी परत येतो, म्हणून वर अँड करताना किती बाइट गेले ते कुठे लिहून ठेवावं लागत नाही. आरबीपी जपण्याचं वचन दोन्ही रीतींत आहे, या भरवशावर ही ओळ उभी आहे. मायक्रोसॉफ्टच्या रीतीत तर आरडीआय आणि आरएसआयसुद्धा कॉल झेलणाऱ्याने जपायचे असतात, लिनक्सच्या रीतीत नाहीत. म्हणजे या दिशेने जाताना फर्मवेअर कर्नलच्या अपेक्षेपेक्षा जास्तच जपतं. उलट दिशेने, म्हणजे फर्मवेअरने कर्नलसारख्या रीतीच्या कोडला बोलावलं तर मात्र हीच दोन रजिस्टरं हमखास घात करतात. त्या दिशेचा स्टब लिहिताना त्यांना विसरू नये.

स्टबमध्ये शिरण्याआधीची तयारी सीमध्ये होते, तीही कमी नाही. फर्मवेअर एसएसई वापरू शकतं, म्हणून चालू प्रोग्रामची एफपीयू अवस्था वाचवायची आणि यूईएफआयला हव्या त्या किमती भरायच्या. फर्मवेअरसाठी वेगळं पेज टेबल, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता, असतं, ते चढवायचं. फर्मवेअर रेटपोलिनसह, म्हणजे स्पेक्टरविरुद्धच्या कंपायलरच्या युक्तीसह, कंपाइल झालेलं नसतं, म्हणून २०१८पासून कॉलपुरती ब्रांच स्पेक्युलेशनवर मर्यादा घालायची. ज्या प्रोसेसरवर अप्रत्यक्ष उडीचा पहारा चालू असतो तिथे तोही कॉलपुरता उतरवायचा, कारण जुन्या फर्मवेअरमध्ये उडीच्या जागी लागणारी खूण नसते. आणि हे सगळं एका लॉकखाली, एका वेळी एकच कॉल.

पत्त्यांची गोष्ट वेगळीच अवघड आहे. कर्नलला फर्मवेअर आपल्या व्हर्च्युअल पत्त्यांवर चालवायचं असेल तर 'सेटव्हर्च्युअलअ‍ॅड्रेसमॅप' हे फंक्शन बोलवावं लागतं, आणि ते एका बूटमध्ये एकदाच बोलवता येतं. मग केएक्झेकने, म्हणजे फर्मवेअरपासून सुरुवात न करता, चालू कर्नलमधूनच दुसरा कर्नल चढवला तर? त्याला पत्ते नव्याने ठरवता येत नाहीत. म्हणून लिनक्सने व्हर्च्युअल मेमरीच्या वरच्या टोकापासून उणे ४ जीबी ते उणे ६८ जीबी असा ६४ जीबीचा पट्टा फर्मवेअरसाठी राखून ठेवला आहे, आणि पहिला कर्नल दुसऱ्याला आपला नकाशा हातोहात देतो. शिवाय बूट सेवा, म्हणजे फर्मवेअरची फक्त सुरू होताना लागणारी फंक्शनं, संपल्यावर त्यांची मेमरी कर्नलला मोकळी वापरता यावी असं स्पेसिफिकेशन म्हणतं. प्रत्यक्षात काही फर्मवेअर हा नकाशा बदलताना त्या मेमरीत डोकावतात. म्हणून लिनक्स ती मेमरी नकाशा बदलेपर्यंत अडवून ठेवतो आणि मगच सोडतो. स्पेसिफिकेशनमध्ये काय लिहिलंय ते कर्नलने पाळायचं, आणि समोरच्याने ते पाळलं नसेल तरी यंत्र बंद पडता कामा नये. या कामात हे दोन्ही एकदम सांभाळावं लागतं.

यातला सर्वांत देखणा तुकडा मला मिक्स्ड मोडमध्ये सापडतो. २०१३च्या सुमारास बे ट्रेल प्रोसेसरचे टॅब्लेट आले. प्रोसेसर ६४-बिट, फर्मवेअर मात्र ३२-बिट. लिनक्स ३.१५पासून, म्हणजे २०१४पासून, ६४-बिट कर्नल अशा फर्मवेअरला कॉल करू शकतो. त्यासाठी ४ जीबीच्या खालचा स्टॅक घ्यायचा, त्यावर ३२-बिट आर्ग्युमेंट मांडायचे, कोड सेगमेंट बदलून कंपॅटिबिलिटी मोडमध्ये, म्हणजे ३२-बिट कोड चालवायच्या मोडमध्ये, उतरायचं आणि काम झालं की परत वर यायचं. परत आलेल्या उत्तराची मात्र अडचण असते. यूईएफआयमध्ये चूक सांगणारा कोड सर्वांत वरच्या बिटाने ओळखतात. शून्यापासून मोजलं तर ३२-बिटमध्ये तो एकतिसावा, ६४-बिटमध्ये त्रेसष्टावा. 'सापडलं नाही' ही चूक १४ क्रमांकाची, म्हणजे फर्मवेअर हेक्समध्ये ८००००००ई परत करतं. तीच संख्या ६४-बिट कर्नलने तशीच वाचली तर त्रेसष्टावा बिट शून्य, म्हणजे ही चूकच नव्हे. यावर लिनक्सने दोन सूचना लिहिल्या आहेत. ईएएक्स डावीकडे एका बिटाने फिरवायचा: वरचा बिट फिरून तळाला येतो आणि हेक्स १डी उरतं. ईएएक्समध्ये लिहिलं की आरएएक्सचा वरचा अर्धा भाग प्रोसेसर आपोआप शून्य करतो. मग पूर्ण आरएएक्स उजवीकडे एका बिटाने फिरवायचा: तळाचा बिट फिरून थेट त्रेसष्टाव्या जागी जातो आणि खाली पुन्हा १४ उरतात. यशाचं शून्य शून्यच राहतं. एकही तुलना नाही, एकही उडी नाही.

३२-बिट फर्मवेअरचा आणखी एक धोका पॉवर आर्किटेक्चरवर फार स्वच्छ दिसतो. तिथल्या सर्व्हरवर आरटीएएस नावाचं फर्मवेअर असतं आणि ते ३२-बिट मोडमध्ये चालतं. जपायची रजिस्टरं ते इमानाने स्टॅकवर ठेवतं आणि इमानाने परत आणतं, पण ३२-बिटच. वरचे ३२ बिट गेले. म्हणजे वचन पाळलं, तरी अर्धी किंमत हरवली. म्हणून लिनक्सचा तिथला स्टब आर१४पासून आर३१पर्यंत सगळी रजिस्टरं स्वतःच ठेवून जातो. स्टॅक पॉइंटरही त्यातून सुटत नाही, त्याची पूर्ण किंमत प्रोसेसरच्या खाजगी जागेत वेगळी ठेवावी लागते, नाहीतर ठेवलेलं शोधायचं कुठून? 'जपलेलं रजिस्टर' म्हटलं की किती बिटांचं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आर्म६४वर दोन्ही बाजूंची रीत एकच आहे. मग स्टब कशाला? एक्स१८साठी. हे रजिस्टर प्लॅटफॉर्मसाठी राखीव आहे, फर्मवेअरने त्याला हात लावू नये असा नियम आहे, आणि कर्नल शॅडो कॉल स्टॅकचा, म्हणजे परतीच्या पत्त्यांच्या वेगळ्या प्रतीचा, पत्ता त्यात ठेवू शकतो. काही फर्मवेअर तरीही ते बिघडवतात. म्हणून स्टब कॉलआधी एक्स१८ स्टॅकवर ठेवतो, परतल्यावर ताडून बघतो, वेगळं निघालं तर दुरुस्त करतो आणि कुठल्या सेवेने ते बिघडवलं याची नोंद लॉगमध्ये करतो. दुरुस्ती करून गप्प बसला असता तर पुढच्या फर्मवेअरमध्येही ती चूक तशीच राहिली असती.

ही सावधगिरी यूईएफआयपेक्षा जुनी आहे. जुन्या बायोसला कॉल करणारा लिनक्सचा स्टब एच. पीटर अ‍ॅन्विन यांनी २००९मध्ये लिहिला आणि त्याला 'ग्लोव्ह बॉक्स' म्हटलं. प्रयोगशाळेत घातक वस्तू बंद काचपेटीत ठेवून पेटीला बसवलेल्या हातमोज्यांतून हाताळतात, ती पेटी. या स्टबमध्ये सगळी रजिस्टरं एका रचनेतून भरली जातात आणि बायोसकडून परत येणारी सगळी दुसऱ्या रचनेत उतरवली जातात. कर्नलची स्वतःची रजिस्टरं या सगळ्यातून सुटी राहतात. त्यात एक चमत्कारिक तडजोड आहे. बायोसला बोलावतात त्या 'इंट' या सूचनेत इंटरप्टचा क्रमांक सूचनेच्या आतच असतो, रजिस्टरमधून देता येत नाही. म्हणून स्टब स्वतःच्याच कोडमधला तो एक बाइट बदलतो आणि लगेच एक उडी मारतो, म्हणजे प्रोसेसरने आधी उचलून ठेवलेली जुनी सूचना टाकून दिली जाते. ती उडी बिनकामाची वाटून कुणी काढली, तर यंत्र मागच्याच खेपेचा इंटरप्ट पुन्हा मारू शकतं. मेमरीचा नकाशा विचारणाऱ्या ई८२० कॉलमध्ये दर खेपेला 'एसएमएपी' ही खूण परत यायला हवी. काही बायोस निम्म्या वाटेत ती द्यायची थांबतात. तेव्हा लिनक्स आतापर्यंत मिळालेला सगळा नकाशाच टाकून देतो आणि मेमरी विचारायच्या जुन्या पद्धतींकडे वळतो. अर्धवट नकाशावर चालण्यापेक्षा कमी मेमरी दिसलेली परवडते.

हा कोड स्वतः तपासायचा तर क्यूईएमयू (यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि ओव्हीएमएफ (त्यावर चालणारं यूईएफआय फर्मवेअर) पुरेसे आहेत. कर्नलचा पत्ता दर बूटला बदलू नये म्हणून त्याला 'नोकेएएसएलआर' द्यावं, नाहीतर जीडीबी या डीबगरचा ब्रेकपॉइंट चुकीच्या पत्त्यावर बसतो. ब्रेकपॉइंट हार्डवेअरचा ठेवावा, कारण कर्नल मेमरीत उतरताना सॉफ्टवेअरचा पुसला जातो. कॉलच्या सूचनेवर थांबून आरएसपीचा शेवटचा हेक्स अंक शून्य आहे का बघावं. परतल्यावर आरएसपी, आरबीपी, आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ ताडावीत. मात्र ओव्हीएमएफ शिस्तीचं फर्मवेअर आहे, त्यावर चाललं म्हणजे सगळीकडे चालेल असं नव्हे. त्याचा सोर्स खुला आहे, म्हणून त्यातल्या 'गेटटाइम'मध्ये मुद्दाम एखादं रजिस्टर बिघडवून बिल्ड करावं आणि कर्नलला ते कळतं का ते बघावं. ही परीक्षा फार थोडे लोक घेतात. खऱ्या यंत्रावर 'ईएफआय=डीबग' दिलं की मेमरीचा नकाशा लॉगमध्ये मिळतो, आणि फर्मवेअर अगदीच हट्टाला पेटलं तर 'ईएफआय=नोरनटाइम' देऊन त्याच्याशी बोलणंच बंद करता येतं.

इतकं करूनही फर्मवेअर कधी भलत्याच पत्त्यावर हात घालतं आणि पेज फॉल्ट येतो. त्यासाठी २०१८पासून इंटेल-एएमडीवर लिनक्स हे कॉल एका वेगळ्या वर्क-क्यूमधून, म्हणजे कामांच्या रांगेतून, करतो, म्हणजे फॉल्ट आला तेव्हा आत फर्मवेअरच होतं हे नक्की कळतं. चूक पकडली की कर्नल फर्मवेअरच्या रनटाइम सेवा कायमच्या बंद करतो, ज्याने कॉल मागितला होता त्याला चूक झाल्याचा निरोप देतो आणि रांगेतलं काम करणाऱ्या ज्या केवर्करच्या स्टॅकवर फर्मवेअर अर्धवट अडकलं आहे त्याला न संपणाऱ्या लूपमध्ये झोपवतो. कुणी चुकून उठवलं तरी तो पुन्हा झोपतो. बूटचा क्रम आता वाचता येत नाही, पण उघड्या फाइल, चालू डाउनलोड, शेजारच्या खिडकीतलं अर्धं लिहिलेलं पत्र, सगळं जागच्या जागी असतं.